माल बाजारात जाण्याआधी

१९७२ साली सर्वोच्च न्यायालयासमोर बिस्किटांच्या पुड्यांची दोन वेष्टने होती. एकावर शेतघराच्या अंगणात पाण्याची बादली घेतलेली मुलगी आणि तिच्याभोवती गाई-कोंबड्या. दुसऱ्यावरही शेतघर, गाई, कोंबड्या आणि मधोमध एक मुलगीच. फक्त हिच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा. पहिले वेष्टन विलेपार्ल्याच्या पार्ले प्रॉडक्ट्सचे, दुसरे म्हैसूरच्या एका कारखान्याचे. खालच्या न्यायालयांनी दोन्ही कागदांतले फरक मोजून पार्लेचा दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धतच चुकीची ठरवली. दुकानात उभे असलेले गिऱ्हाईक दोन पुडे शेजारी ठेवून पारखत बसत नाही. मागच्या वेळी नेलेल्या पुड्याची अंधुक आठवण त्याच्या मनात असते आणि तिच्या भरवशावर ते हात पुढे करते. त्या आठवणीची फसगत होत असेल, तर ती नक्कलच, असा त्या निकालाचा अर्थ. म्हैसूरच्या कारखान्याला ते वेष्टन वापरायला मनाई झाली.

गिऱ्हाइकाची ही अंधुक आठवण, म्हणजे धंद्याने वर्षानुवर्षे राबून कमावलेली मालमत्ता. १९२९ साली पार्ल्यात लहानशा प्रमाणावर सुरू झालेला कारखाना ती राखण्यासाठी दिल्लीपर्यंत लढू शकला. इचलकरंजीचा यंत्रमागधारक, चाकणचा सुटे भाग बनवणारा, जळगावची पापड-मसाल्याची उद्योजिका यांच्याकडेही अशी मालमत्ता असते. पण ताळेबंदात शेड असते, यंत्रे असतात, येणी असतात. नाव, नमुना, कृती आणि युक्ती यांचा उल्लेख कुठेच नसतो. शेडला कुलूप लागते, यंत्रांचा विमा उतरवला जातो. नावाची आठवण होते ती कुणीतरी ते चोरल्यावर.

बौद्धिक संपदा हा विषय मोठ्या कंपन्यांचा आणि महागड्या वकिलांचा, हा समज मराठी उद्योजकांमध्ये घट्ट रुजलेला आहे. पुढील प्रकरणे तो दूर करण्यासाठी लिहिली आहेत. त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येईल: या कायद्यांत हक्काला वेळ असते. पेटंट आणि डिझाइनच्या बाबतीत तर माल बाजारात गेला की दार बंद होते. ट्रेडमार्कचे दार उघडे राहते, पण उशिरा येणाऱ्याला फार मोठी किंमत मोजावी लागते.

सुरुवात नावापासून करणे योग्य, कारण प्रत्येक धंद्याला नाव असते आणि ते राखण्याचा खर्च सर्वांत कमी. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. त्यात वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क पडते, इतरांना ९,०००. उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र जोडले की निम्मे पैसे वाचतात, आणि ही सवलत मध्यम उद्योगांपर्यंत लागू आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे दर दहा वर्षांनी वाढवता येते. वर्ग मात्र विचार करून निवडावा लागतो. मिसळीचे हॉटेल ४३ व्या वर्गात येते. त्याच नावाने मसाल्याची पाकिटे विकायची झाली तर ३० वा वर्ग लागतो. हॉटेलचे नाव नोंदवून मसाल्याचा विसर पडला, तर पाकिटांवरचे नाव दुसरा कुणी सहज नोंदवू शकतो.

अर्ज केला की नाव मिळाले, असेही नाही. आपल्याकडे दुकानाला देवाचे, गावाचे नाहीतर आडनावाचे नाव देण्याची प्रथा आहे. श्रद्धा आणि अभिमान म्हणून ती सुंदर आहे, पण ट्रेडमार्कसाठी अशी नावे अशक्त ठरतात. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव आपल्या एकट्याचे असावे, म्हणून एका व्यापाऱ्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. २०१५ साली न्यायालयाने नकार दिला: पवित्र ग्रंथाच्या नावावर एकट्याची मक्तेदारी असू शकत नाही. आडनावाचे दुखणे वेगळे. कायद्याचे ३५ वे कलम प्रत्येकाला स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरायची मोकळीक देते. त्यामुळे भावकीतली वाटणी झाली की दोन दुकानांवर एकच आडनाव झळकते आणि खरे कोण, हे गिऱ्हाइकाला कळेनासे होते. ‘उत्तम’, ‘शुद्ध’, ‘ताजे’ असली मालाचे वर्णन करणारी नावे नोंदणी कार्यालय बहुधा नाकारते. ज्या शब्दाचा मालाशी काही संबंध नाही किंवा जो शब्द कुणी नव्यानेच घडवला, तो सर्वांत बळकट. पाटी रंगवायला टाकण्याआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घेता येतो. अर्ध्या तासाचे काम. पण पाटी, पाकिटे आणि पावतीपुस्तके छापून झाल्यावर ते नाव दुसऱ्याचे निघाले, तर सगळे रद्दीत जाते.

नोंदणीचा एक लाभ फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. नोंदणीकृत ट्रेडमार्कची नक्कल झाली तर मालक आपला व्यवसाय जिथे चालतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा करू शकतो. ही सोय १३४ व्या कलमाने दिली आहे. नक्कल करणारा परराज्यातला असला, तरी नाशिकच्या उद्योजकाला दर तारखेला तिकडे धावावे लागत नाही. नोंदणी नसलेल्या नावासाठीही दाद मागता येते, पण मग आपली ख्याती साक्षीपुराव्यांनी शाबीत करावी लागते आणि घरच्या न्यायालयाची ही सोय हक्काने मिळत नाही.

नोंदणी हातात नसताना जुना, सलग वापर किती तारतो, याचे उदाहरण पुण्यातच घडले आहे. १९९२ पासून पुण्यात ‘बर्गर किंग’ नावाचे एक उपाहारगृह चालत आले. त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये त्याच्याविरुद्ध दावा लावला. तिची भारतातली पहिली शाखा उघडली ती २०१४ मध्ये. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या उपाहारगृहाला ते नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. एका शहरातल्या उपाहारगृहाला चौदा वर्षे न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि त्या सगळ्या काळात त्याच्या बाजूचा आधार एकच होता: आपण आधीपासून इथे आहोत.

कायद्याचे ३४ वे कलम हा आधार मान्य करते, पण नुसत्या सांगण्यावर नाही. जुनी बिले, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, परवाने, पाटीचे छायाचित्र, तारीख असलेले काहीही लागते. आपल्या धंद्यात दिवाळीच्या साफसफाईत पहिल्यांदा फेकली जातात ती नेमकी हीच कागदपत्रे. पहिल्या पाच वर्षांची बिले आणि जाहिराती एका फाइलमध्ये ठेवणे, हे या विषयातले सर्वांत स्वस्त काम आहे.

नावाच्या शेजारी चित्र असते, म्हणजे बोधचिन्ह. इथे एक अडचण दडलेली आहे. बाहेरच्या कलाकाराकडून पैसे देऊन बोधचिन्ह काढून घेतले की ते आपलेच झाले, असे जवळपास प्रत्येक उद्योजक धरून चालतो. कॉपीराइट कायदा तसे म्हणत नाही. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून काढलेले चित्र मालकाचे. पण स्वतंत्र कलाकाराला काम दिले, तर लेखी करार नसेल तेव्हा कॉपीराइट साधारणपणे त्या कलाकाराकडेच राहतो. करार केला आणि त्यात मुदत लिहायची राहिली, तर कायदा ती पाच वर्षांची समजतो. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत. वेबसाइट आणि सॉफ्टवेअर बाहेरून करून घेणाऱ्यांनाही हेच लागू होते. मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहिलेला एक पानाचा करार, दोघांच्या सह्या आणि तारीख, एवढ्यावर हे भागते.

डिझाइनचा कायदा मराठी कारागिरांनी आणि कारखानदारांनी सर्वांत कमी वापरलेला आहे, आणि तो दुर्लक्षिला जातो याचे वाईट वाटते. दागिन्याचा घाट, साडीच्या काठाची नवी नक्षी, पाण्याच्या बाटलीचा आकार, पंख्याची पाती यांच्या दिसण्याला २००० च्या डिझाइन कायद्याखाली दहा वर्षांचे आणि आणखी पाच वर्षांचे संरक्षण मिळते. लहान उद्योगाला अर्जाचे शुल्क १,००० रुपये. अट एकच, पण कडक: अर्ज करण्याआधी ते डिझाइन कुठेही प्रसिद्ध झालेले नसावे. इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटोही प्रसिद्धीच ठरू शकतो. ‘चित्र आमचे आहे, त्याला कॉपीराइट आहेच की,’ असे समाधान करून घेणाऱ्यांनी कॉपीराइट कायद्याचे १५ वे कलम वाचावे. ज्या नक्षीचे डिझाइन म्हणून संरक्षण घेता आले असते, पण घेतले नाही, तिच्या वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त निघाल्या की त्या नक्षीवरचा कॉपीराइटही संपतो. यंत्रमागावर पन्नास नग म्हणजे काहीच नाही. गॅस वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांवरून झालेल्या वादात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या कलमाची उकल करावी लागली. ज्या प्रश्नाने एवढ्या मोठ्या कारखान्यांना गाठले, तो येवल्याच्या आणि इचलकरंजीच्या दारात रोज उभा असतो.

आता पेटंट. या शब्दाभोवती जेवढे वलय आहे, तेवढीच गैरसमजूत. पेटंट मिळते नव्या आणि त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज न सुचणाऱ्या, कामाच्या शोधाला. मुदत अर्जापासून वीस वर्षे. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचे प्रकरण या बाबतीत आजही पायाभूत मानले जाते. लेथवर भांडे घासताना ते निसटून उडायचे आणि कारागिराला इजा व्हायची. भांडे घट्ट धरून ठेवायच्या एका युक्तीचे पेटंट १९५१ मध्ये एका कारखान्याने घेतले आणि शेजारच्या कारखान्यावर दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७८ मध्ये निकाल लागला: युक्ती उपयोगी आहे, पण अवजारांच्या जाणकार माणसाला ती सहज सुचण्यासारखी होती, म्हणून पेटंट रद्द. कारागिराच्या दृष्टीने निकाल कठोर वाटतो. पण तो चुकीचा म्हणता येत नाही. प्रत्येक लहान सुधारणेवर पेटंट मिळू लागले, तर छोट्या कारखान्याला हात हलवायलाही जागा उरणार नाही.

खरोखर नवे काही घडले असेल, तर मात्र गप्प बसणे महत्त्वाचे. आपल्याकडे नवे अवजार तयार झाले की पहिली धाव कृषी प्रदर्शनाकडे असते. तिथे ते चालवून दाखवले, माहितीपत्रक वाटले, व्हिडिओ फिरला, की नावीन्य गेले. सरकारने खास अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच सवलत आहे. यावर उपायही कायद्यातच आहे. प्रदर्शनाच्या आधी तात्पुरता अर्ज करायचा. लहान उद्योगाला त्याचे शुल्क १,६०० रुपये. मग पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. त्या वर्षभरात यंत्र बाजारात चालते का हे पाहता येते आणि पुढचा मोठा खर्च करायचा की नाही, हे ठरवता येते. लहान उद्योगांना परीक्षण लवकर करून घेण्याची सोयही २०१९ पासून मिळालेली आहे.

काही गोष्टींना पेटंट मिळतच नाही, आणि तेही चांगले आहे. परंपरागत ज्ञानावर एकाचा ताबा बसू नये, म्हणून भारतीय कायद्याने ते वगळले आहे. अमेरिकेत १९९५ साली हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हान अंगावर घेतले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आजीच्या गोडा मसाल्यालाही पेटंट नाही. तो राखायचा तो गुपित म्हणून: प्रमाण एकाच माणसाला ठाऊक, मिश्रण वेगळ्या खोलीत, कामगारांशी आणि जॉबवर्क करणाऱ्यांशी गोपनीयतेचा करार. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. सगळी भिस्त करारावर आणि विश्वासभंगाच्या तत्त्वावर असते. ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे या धंद्यात पाऊल टाकायचे नाही’ असे कलम अनेकजण हौसेने घालतात. ते करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे टिकत नाही. गुपित बाहेर फोडू नये, हे बंधन मात्र टिकते. त्यामुळे काय गुपित आहे, ते करारात नेमके लिहिले पाहिजे.

कोल्हापुरी चपलेचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातला कायद्याचा धागा बातम्यांच्या गर्दीत हरवला. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, संताप उसळला. चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्राच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी मिळून. तरी मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. मालक दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. दाद मागायची तर त्यांनी. पुढे डिसेंबरमध्ये प्राडाने करार केला तो याच दोन महामंडळांशी. रस्त्यावरचा संताप खरा होता आणि त्यानेच दबाव आणला. पण टेबलाशी बसायचा अधिकार ज्यांच्या नावावर नोंद होती, त्यांनाच मिळाला.

लहान उत्पादकासाठी यात एक थेट काम आहे. मानांकन समूहाचे असते, पण त्याचा लाभ घ्यायला प्रत्येक कारागिराने, बागायतदाराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करायची असते. २०२० मध्ये तिचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणले गेले. सोलापुरी चादर, येवल्याची पैठणी, नाशिकची द्राक्ष वाइन, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, लासलगावचा कांदा, मिरजेची सतार, गोव्याची फेणी असा मानांकनांचा मोठा पसारा आपल्या भागात आहे. हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी मानांकन मिळाले, तरी दर हंगामात परप्रांतीचा आंबा देवगडच्या पेट्यांत भरला जातोच. देवगडच्या बागायतदारांनी २०२५ च्या हंगामात फळावर वेगवेगळ्या क्रमांकाचे स्टिकर लावायला घेतले, ते याच फसवणुकीला कंटाळून. प्रमाणपत्र चौकटीत लावून ठेवण्यापेक्षा हे काम कितीतरी कष्टाचे आहे आणि कितीतरी मोलाचेही.

इथे दादाजी खोब्रागडे यांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड हे त्यांचे गाव. जमीन दीड एकर. १९८३ मध्ये धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्यांनी हेरल्या, त्यांचे बी जपले, वर्षामागून वर्षे निवड करत बारीक, चवदार, भरघोस उतारा देणारे वाण तयार केले. ते गावोगाव पसरले आणि त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. कृषी विद्यापीठाने त्यावर काम करून ‘पीकेव्ही-एचएमटी’ नावाने वाण प्रसारित केले. सत्कार झाले, फोर्ब्सने २०१० मध्ये ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले, पण पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. जून २०१८ मध्ये ते गेले ते हलाखीतच. त्यांच्याकडून काही राहून गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाणांवर शेतकऱ्याचा हक्क मान्य करणारा कायदाच मुळी २००१ चा. आज तो कायदा आहे आणि शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाच्या नोंदणीला शुल्क नाही. त्यांच्या वाट्याला जे आले ते पुढच्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, ही तळमळ या लेखनामागे आहे.

परदेशी माल पाठवणाऱ्यांसाठी वेगळे प्रकरण दिले आहे, कारण ट्रेडमार्क आणि पेटंट हे हक्क देशापुरते असतात. आखातात किंवा अमेरिकेत मराठी माणसे जिथे आहेत, तिथे भाजणी, लोणची, मसाले जातात; अनेकदा तिथला वितरकच ते नाव स्वतःच्या नावे नोंदवून टाकतो आणि मग मूळ मालकालाच आपला माल आत नेता येत नाही. भारत २०१३ मध्ये माद्रिद करारात सामील झाला आणि संयुक्त अरब अमिराती २०२१ च्या अखेरीस. त्यामुळे इथल्या कार्यालयातून एकाच अर्जाने अनेक देशांत नाव मागता येते. वितरकाशी करार करण्याआधी हा अर्ज गेलेला बरा.

सगळ्यांनी सगळे करावे, असे कुठेही सुचवलेले नाही. चार कामगारांच्या कारखान्याने पाच देशांत पेटंट घेणे हा बहुतेक वेळा पैशांचा अपव्यय असतो. दरवर्षीचे नूतनीकरण शुल्क, वकिलाची फी आणि शेवटी नक्कल करणाऱ्याशी लढायची ताकद, हा सगळा हिशेब आधी करायचा असतो. नाव नोंदवून पाच वर्षांहून जास्त काळ वापरलेच नाही, तर ते रद्द होऊ शकते. नोंदणी होण्याआधीच वर्तुळातला आर छापणे बेकायदा आहे. आणि दुसऱ्याची नोटीस आली, तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नये, घाबरून दुकानाची पाटीही उतरवू नये. अंगावर बेछूट धमक्या आल्या तर त्यांच्याविरुद्ध दाद मागायची तरतूद ट्रेडमार्क कायद्यातच आहे. पहिल्या प्रकरणात नावाचा शोध कसा घ्यायचा, वर्ग कसे निवडायचे आणि परीक्षण अहवाल आल्यावर एका महिन्यात उत्तर कसे द्यायचे, हे भरलेल्या नमुना अर्जांसह दाखवले आहे. ज्यांचे नाव अजून नोंदलेले नाही, त्यांनी वाचन तिथून सुरू करावे; ज्यांचे नवे यंत्र येत्या प्रदर्शनात जाणार आहे, त्यांनी आधी तात्पुरत्या अर्जाचे प्रकरण उघडावे.